बाळंतपणात स्वसंमोहन आणि अंग सैल सोडण्याचा सराव : बेळगाव भागात कुणी केलाय का?

अनगोळची_लेक | १२ मे

नमस्कार. मी माहेरची बेळगावची, अनगोळची. सासर पुण्याला. २९वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण, त्यामुळे जूनमध्ये आईकडे येणार.

पुण्यात एका वर्गाला चार वेळा गेले. तिथं स्वसंमोहन शिकवलं : डोळे मिटून अंग सैल सोडायचं, श्वास लांबवायचा, मनाला ठरावीक शब्दाची सवय लावायची, म्हणजे कळा सुटल्यावर तोच शब्द कामी येतो. ऐकायला दिलेलं रेकॉर्डिंग सगळं इंग्रजीत आहे. मला इंग्रजी येतं, पण ऐकताना मी मनात मराठी करत बसते. मग अंग सैल कसं पडणार?

दुसरं म्हणजे, बेळगावच्या दवाखान्यात सिस्टर बहुतेक कन्नड बोलणाऱ्या. माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं. कळा चालू असताना कुणी काय सांगितलं ते कळलंच नाही तर? या भीतीनं रात्री झोप लागत नाही, हे खरं सांगते.

आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "पोटुशी बाईनं मोहिनी घालून घेऊ नये." तिला काय उत्तर द्यावं तेही कळत नाही. कुणाचा अनुभव आहे का?


सिस्टर_खानापूर | १२ मे

बाळा, आधी आजीचं बघू. संमोहन म्हणजे कुणी तुझ्यावर काही करणं नव्हे. झोपही नव्हे. तुला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, मनात आलं की उठून बसता येतं. पुस्तकात रमलं की हाक ऐकू येत नाही, किंवा भजनाला बसलं की गुडघेदुखी विसरते, तसं हे. फरक एवढाच की इथं आपण ठरवून तिथं जातो. आजीला म्हणावं, नामस्मरणासारखं आहे. पटेल तिला.

मी खानापूर तालुक्यात सरकारी आरोग्य केंद्रात २१ वर्षं बाळंतपणं करते. आम्हाला संमोहन असं कुणी शिकवलं नाही. पण भ्यालेली बाई आणि सावरलेली बाई यांतला फरक मी रोज बघते. भ्यालेली बाई कळ यायच्या आधीच दात आवळते, खांदे कानापर्यंत जातात, मुठी मिटतात, मांड्या जवळ येतात. कळ गेली तरी अंग तसंच. म्हणजे गर्भाची पिशवी विश्रांती घेते आणि बाई घेत नाही. सहा-सात तासांनी ती इतकी दमते की खरा जोर लावायच्या वेळी अंगात काही उरत नाही.

आता भाषेचं. आमच्याकडं अर्ध्या बायका मराठी, अर्ध्या कन्नड, मी दोन्ही बोलते. एक शब्द तुला देते : "सावकाश". मराठीत आहेच, आणि आपल्याकडच्या कन्नडमध्येही तोच शब्द, त्याच अर्थानं. कुठलीही सिस्टर तुला "सावकाश" म्हणाली की कळेल, आणि तू म्हणालीस की तिला कळेल. तुझा सरावाचा शब्द तोच धर. वर दोन वाक्यं कानावरून जाऊ दे : "हेदरबेड्री" म्हणजे घाबरू नका, "उसिरु बिड्री" म्हणजे श्वास सोडा. एवढ्यावर रात्र निघते.


निपाणीची_थोरली | १३ मे

मी स्पष्ट लिहिते, राग मानू नका. पाच वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळंतपण झालं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आई बाहेर, नवरा बाहेर, आत मी एकटी आणि शेजारच्या खाटेवर दुसरी एक. ओरडले तर मांडीवर चापट बसली आणि "तेव्हा नाही ओरडलीस?" असं ऐकावं लागलं. तपासणी करताना विचारलं नाही, सांगितलं नाही. अशा खोलीत श्वास मोजून काय होणार? बाईनंच शांत राहायला शिकावं, तिच्याशी कसं वागावं ते मात्र कुणी शिकू नये, असा याचा अर्थ होतो.


सिस्टर_खानापूर | १३ मे

तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि आमच्या पेशातली म्हणून मला ते वाचून लाज वाटली. चापट मारणं, टोमणा मारणं ही शिस्त नव्हे. आता सरकारच्या लक्ष्य कार्यक्रमात, २०१७ पासून, प्रसूतिगृहात बाईशी सन्मानानं वागणं आणि तिच्या पसंतीची सोबत देणं हे दवाखान्याला गुण देताना मोजलं जातं. सगळीकडं पोहोचलंय असं मी म्हणणार नाही. पण मागायचा हक्क आहे, तो मागावा.


भूल_डॉक्टर | १३ मे

मी भूलतज्ज्ञ आहे, चिकोडीकडचा. वेदना हाच माझा रोजचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संमोहन आणि वेदना यांचं नातं आपल्या देशात जुनं आहे. जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जननं १८४५ मध्ये बंगालमधल्या हुगळीला संमोहनाच्या तेव्हाच्या पद्धतीनं रुग्णांना गुंगवून मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. तेव्हा भुलीचं औषधच नव्हतं. पुढच्याच वर्षी ईथर आलं, १८४७ मध्ये एडिंबरोच्या सिम्पसननी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, आणि संमोहन मागं पडलं. बाळंतपणात भीतीचा विचार पुन्हा आणला तो ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरनं, १९३० च्या दशकात. त्याची मांडणी सरळ होती : भीतीनं अंग ताठतं, ताठलेल्या अंगाला जास्त दुखतं, दुखण्यानं भीती वाढते. १९५० च्या दशकात फ्रान्सच्या लमाझनं रशियातून श्वासाची पद्धत आणली. हल्ली ज्याला हिप्नोबर्थिंग म्हणतात तो वर्ग अमेरिकेत मेरी मोंगन यांनी १९८९ मध्ये सुरू केला.

काम करतं का? २०१६ मध्ये ९ चाचण्या, २,९५४ बायका, यांचा एकत्र आढावा निघाला. संमोहन शिकलेल्या बायकांनी वेदनेची औषधं एकूण कमी घेतली. पण एपिड्युरल, म्हणजे पाठीतून देतात ती भूल, घेण्याचं प्रमाण कमी झालं नाही. नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढलं असंही दिसलं नाही. इंग्लंडमध्ये ६८० पहिलटकरणींवर मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये छापून आली : दीड-दीड तासाचे दोन वर्ग आणि रोज ऐकायला रेकॉर्डिंग. एपिड्युरल सराव केलेल्यांत २७.९ टक्के, न केलेल्यांत ३०.३ टक्के, म्हणजे धरण्यासारखा फरक नाही. मात्र बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारलं तेव्हा, सराव केलेल्या बायका म्हणाल्या की वाटलं होतं त्यापेक्षा भीती आणि काळजी कमी झाली.

तर जे कुणी "वेदनारहित बाळंतपण" असं सांगून हजारो रुपये घेतात त्यांच्यापासून सावध राहा. भीतीसाठी करा, झोपेसाठी करा, दोन कळांच्या मधल्या विश्रांतीसाठी करा. दुखणं जाईल म्हणून करू नका, आणि ऐन वेळी इंजेक्शन मागावंसं वाटलं तर मागा. सराव म्हणजे परीक्षा नाही.

निपाणीच्या ताईंसाठी एक. ज्या गोष्टीचा पुरावा संमोहनापेक्षा कितीतरी भक्कम आहे ती म्हणजे शेवटपर्यंत जवळ बसलेलं माणूस. २०१७ च्या आढाव्यात १५,००० हून अधिक बायका होत्या. सतत सोबत असलेल्यांची प्रसूती जास्त वेळा आपसूक झाली, सिझर कमी झाली, कळांचा काळही थोडा आखडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत सोबतीचं माणूस आहे, श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचं तंत्र आहे, आणि ज्या बाईला हवी तिला एपिड्युरलही आहे.


वडगाव_२२ | १५ मे

डॉक्टर, मला लग्नाआधी मानसिक आजाराचा झटका येऊन गेलाय. भास व्हायचे. आता गोळी चालू आहे, १८वा आठवडा आहे. मी हे करू का?


भूल_डॉक्टर | १५ मे

रेकॉर्डिंग लावून एकटीनं संमोहनाचा सराव करू नका. भास झालेल्या व्यक्तीनं हे मानसोपचारतज्ज्ञांना विचारूनच करावं. साधा लांब श्वास, चालणं, कंबर चोळून घेणं, जवळचं माणूस, यात धोका नाही. आणि गोळी मनानं बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा. विचारलंत हे फार चांगलं केलंत.


येळ्ळूरकर_घर | १७ मे

आमच्या सासूबाई सांगतात ते लिहिते. वय ८१. त्यांची पाच बाळंतपणं घरीच झाली, सुईण गावातलीच. त्या म्हणतात : "आम्हाला कुणी श्वास शिकवला नाही. कळ आली की खुंटा धरून उभं राहायचं, गेली की चालायचं. आत्याबाई मागून कंबर दाबायच्या आणि हळू आवाजात ओवी गुणगुणायच्या. शब्द कळायचे नाहीत, चाल कळायची. त्या चालीवर श्वास आपोआप पडायचा." पण चौथ्या वेळी वार पडल्यावर रक्त थांबेना, बैलगाडीतून शहरात न्यावं लागलं, तेव्हा त्या मरता मरता वाचल्या. त्यांच्या सख्ख्या जावेला तेवढाही वेळ मिळाला नाही. म्हणून त्यांचं म्हणणं, ओव्या म्हणा, श्वास घ्या, पण दवाखान्यात.


सिस्टर_खानापूर | १७ मे

आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे दोन्ही सांगितलं ना, तेच मी गावोगावी सांगत फिरते.

रक्तस्रावाला श्वास आवरत नाही. त्याला औषध लागतं. आणि त्या औषधाचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झालाय, हे आपल्या लोकांना माहीत नाही. बाळ झाल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर जास्तीचा रक्तस्राव कमी होतो का, हे बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर तपासलं. गोळ्या दिल्या त्या आमच्यासारख्या नर्सबाईंनी. जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. बेळगावच्या नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर त्यात होते, २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं. जगभरच्या खेड्यांना त्याचा उपयोग झाला.

म्हणून शांत राहायचा सराव करणाऱ्या मुलींना एक बजावते. शांत राहणं म्हणजे वाट बघत घरी बसणं नव्हे. अंगावरून रक्त गेलं, पाणी हिरवट गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारलं, झटका आला, तर श्वास-बिस राहू दे, १०८ लाव. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलींनी तर पावसाळ्यात दिवस भरायच्या आधीच रस्त्याजवळच्या नातेवाइकाकडं येऊन राहावं. ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडंच थांबते, मग बाजेवरून उचलून आणायची वेळ येते. तायी कार्ड, म्हणजे कर्नाटक सरकारचं गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड, पिशवीत वरच ठेवावं.


अनगोळची_लेक | ४ जून

बेळगावला आले. सिस्टर, मराठीत सराव कसा करायचा तो शब्दासकट सांगाल का? आई वाचून दाखवते म्हणाली, तिच्या आवाजात रेकॉर्ड करून घेते.


सिस्टर_खानापूर | ५ जून

लिहिते. घाईनं वाचू नको म्हणावं आईला.

रात्री जेवल्यावर तासाभरानं डाव्या कुशीवर झोप, गुडघ्यांमध्ये उशी. उताणी नको, या महिन्यांत पोटाचा भार मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते. आधी पायाची बोटं घट्ट आवळ, पाच अंक मोज, सोड. मग पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे, शेवटी जबडा. आवळायचं ते सोडणं कसं असतं ते अंगाला कळावं म्हणून. पोट मात्र आवळायचं नाही. जबड्याला जास्त वेळ दे. दात विलग, जीभ खाली सैल. तोंड आवळलं की बाई खालीही आवळते, हे मी शेकड्यांनी पाहिलंय.

मग श्वास. नाकानं चार अंक आत, तोंडानं सहा किंवा आठ अंक बाहेर, गरम चहावर फुंकर घालतो तसा. सोडताना मनात "सावकाश". भरभर श्वास घ्यायचा नाही, त्यानं हाता-तोंडाला मुंग्या येतात नि गरगरतं.

आता चित्र. त्या वर्गात समुद्राची लाट सांगितली असेल. आपण पावसातली माणसं, आपण सर घेऊ. आईनं असं म्हणावं :

"तू घरात आहेस. दार लावलेलं आहे. लांब रानात पानांवर पाऊस वाजतोय. सर येते आहे. येऊ दे. आता ती शेतात आली, आता अंगणात, आता कौलांवर. जोर धरतेय. तू श्वास सोड. घर जुनं आहे, पक्कं आहे, असल्या किती सरी त्यानं बघितल्यात. जोर आला, आला, आणि आता उतरला. आता नुसत्या पागोळ्या. ठिप. ठिप. खांदे सोड. जबडा सोड. सावकाश."

भर कळांत एक कळ साधारण पाऊण ते एक मिनिट टिकते, दहा मिनिटांत तीन-चार येतात. म्हणजे पाच-सहा लांब श्वास, की सर ओसरली. उरलेला वेळ पागोळ्यांचा. तो वेळ वाया घालवू नको, तिथंच विश्रांती आहे.

रोज एकदा ऐक. महिनाभर झाला की रेकॉर्डिंगशिवाय नुसत्या "सावकाश" म्हणण्यानं खांदे उतरायला लागतील. तसं झालं की सराव अंगात मुरला.


चंदगडचा_बाप | ६ जून

नवऱ्यांसाठी लिहितो. आमचं गाव महाराष्ट्रात, पण दवाखाना बेळगावचाच. बायकोच्या वेळी मी आत होतो. काय करावं ते आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सारखा "बरी आहेस ना? बरी आहेस ना?" विचारत राहिलो. ती शेवटी म्हणाली, बोलू नको, फक्त हात धर. कळ चालू असताना तिला प्रश्न विचारू नका, उत्तर द्यायला तिला वर यावं लागतं. पाणी द्या, कंबर दाबा, तिच्याबरोबर तुम्हीही लांब श्वास सोडा. सिस्टरला काही सांगायचं असेल तर ते तुम्ही ऐका आणि कळ गेल्यावर तिला सांगा.


अनगोळची_लेक | २९ जुलै

मुलगी झाली, २४ जुलैला पहाटे. २ किलो ९०० ग्रॅम. सिझर झालं.

आज जरा बसता येतंय म्हणून लिहिते, सगळं लिहिते. २३ तारखेला दुपारी जेवायला बसले आणि पाणी गेलं. स्वच्छ होतं. बाहेर धो धो पाऊस, मला वाटलं रेकॉर्डिंगच चालू आहे. दवाखान्यात गेलो तेव्हा पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर. नवरा आणि आई आलटून पालटून जवळ. संध्याकाळी सातपर्यंत मी खरंच सरींमध्ये झोपत होते. दुखत होतं, कमी दुखत होतं असं मी म्हणणार नाही. पण कळ गेली की ती जात होती. पुढच्या कळेची वाट बघत मी ताठत नव्हते.

सहा सेंटिमीटरनंतर काही वेळ सगळं सुटलं. मी ओरडले, शब्द आठवेना, श्वास भरभर व्हायला लागला, बोटांना मुंग्या. रात्रीची सिस्टर कन्नडच होती, रामदुर्गकडची. आईनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. ती माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "सावकाश री, सावकाश. उसिरु बिड्री." आणि स्वतः फुंकर घालून दाखवली. मी तिच्या तोंडाकडं बघत तिच्याबरोबर श्वास सोडत राहिले. किती वेळ, माहीत नाही. तिचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही.

रात्री अडीचला आठ सेंटिमीटरवर अडलं. पाणी हिरवट यायला लागलं, बाळाचे ठोके खाली जायला लागले. डॉक्टरांनी दोन वाक्यांत समजावलं आणि मला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं. पाठीत सुई देताना वाकून बसायचं, हलायचं नाही, आणि त्याच वेळी कळ आली. तिथं सराव सगळ्यात जास्त उपयोगी पडला. हलले नाही. सर अंगणातून कौलांवर आली आणि गेली, तोवर सुई देऊन झाली होती.

पहिले दोन दिवस वाटलं, एवढं करून शेवटी सिझरच. मग डॉक्टरांचं, परीक्षा नाही, ते वाक्य आईनं या धाग्यावरून मला वाचून दाखवलं. आता रडू येत नाही असं नाही, पण ते त्यासाठी येत नाही.


भूल_डॉक्टर | २९ जुलै

अभिनंदन. सुईच्या वेळी स्थिर बसलात याची किंमत आम्हा भूलवाल्यांना माहीत आहे.


सिस्टर_खानापूर | २९ जुलै

लेक आली! आनंद झाला. टाके कोरडे आहेत ना? ताप, पायात एका बाजूला सूज, जास्तीचं रक्त, यांतलं काही? आणि दोन आठवड्यांनंतरही सारखं रडू येत राहिलं, बाळाकडं बघवेना असं झालं, तर बाळंतिणीचं असंच असतं म्हणून कुणाचं ऐकू नको, दाखवून घे.


अनगोळची_लेक | ३० जुलै

टाके कोरडे, ताप नाही. पाजताना खांदे वर जातात, तेव्हा "सावकाश" म्हणते आणि दूध उतरतं. आजी रोज संध्याकाळी रेकॉर्डिंग लावायला सांगते. बाळ झोपतं म्हणते.


निपाणीची_थोरली | १ ऑगस्ट

अभिनंदन ताई. माझ्या धाकट्या बहिणीचे सप्टेंबरात दिवस भरतात. तिला माझ्यासारखं एकटं ठेवायचं नाही. तुमच्या आईला आणि नवऱ्याला आत सोडलं, त्यासाठी कुणाशी, काय बोललात?


अनगोळची_लेक | १ ऑगस्ट

३४व्या आठवड्याच्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारलं : शेवटपर्यंत माझ्याजवळ कोण राहू शकेल? त्या म्हणाल्या, एका वेळी एक, शेजारी दुसरी बाई असेल तर पडदा ओढून, आणि पुरुष असेल तर तिची हरकत नसावी. ते मी माझ्या फाइलवर त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. मग प्रसूतिगृहाच्या मुख्य सिस्टरना भेटून तेच पान दाखवलं, आईची ओळख करून दिली. ऐन वेळी दारावरच्या मावशींनी अडवलं तेव्हा नवऱ्यानं ते पान पुढं केलं. सरकारी दवाखाना असेल तर बाईमाणूस सोबत द्या म्हणून आशा ताईंना आत्ताच सांगून ठेवा, त्यांची ओळख असते. आणि तपासणीच्या आधी मला विचारा, सांगा, हेही बहिणीनं त्याच पानावर लिहून घ्यावं. मी लिहून घेतलं होतं. त्यांनी प्रत्येक वेळी विचारलं.